शिळ्या पाण्याचा साबण

भर दुपारी, अंगणात चिटपाखरू नसताना, भिंतीतून ‘घुर्रर्र’ असा आवाज यायचा आणि मी हातातलं काम सोडून दाराकडे बघायची. पडेगावच्या त्या घरात आम्ही नवे भाडेकरू. नवरा कामावर गेलेला, मी एकटी, आणि हा आवाज. पहिल्या दिवशी मी आतून कडी लावून बसले. दुसऱ्या दिवशी धीर करून खिडकी किलकिली केली, तर मोरीजवळच्या भिंतीवरून पांढरा फेस ओघळत होता आणि खाली घरमालकिणीची शेळी नाक फेंदारून उभी होती. मोठ्या हॉटेलांत असतं तसं, हात पुढे केला की आपोआप साबण देणारं मशीन होतं ते. शेळी समोरून गेली की ते तिलाही साबण द्यायचं.

असली मशिनं त्या घरात जागोजागी होती. फाटकाशी एक, संडासाच्या दाराशी एक, न्हाणीत एक, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी एक. एक तर चक्क शेळीच्या खुंट्याजवळ होतं, दूध काढायच्या आधी हात धुवायला. आणि घर केवढं, तर पत्र्याच्या चार खोल्या. पुढच्या दोन मालकिणीच्या, मागच्या दोन आमच्या. माझा नवरा त्या मशिनांना ‘पलटण’ म्हणायचा आणि संध्याकाळी कामावरून आला की फाटकातल्या मशिनाला सलाम ठोकून आत यायचा.

मालकिणीला अख्खी गल्ली आत्या म्हणायची, म्हणून आम्हीही आत्याच म्हणायला लागलो. साठी उलटलेली, काटक, नऊवारी नेसणारी बाई. धनगराच्या घरातली. अजिंठ्याच्या बाजूला नवऱ्यामागं मेंढरं राखण्यात उमेदीची वर्षं गेली. मग चराई गेली, मेंढरं विकली, दोघं मजुरी करत करत शहराच्या कडेला येऊन राहिली, आणि शहर वाढत वाढत त्यांच्या फाटकापर्यंत आलं. नवरा वारला. मुलगा जालना रोडवरच्या एका हॉटेलात साफसफाईच्या माणसांवर मुकादम होता. त्या हॉटेलानं जुनी मशिनं काढून नवी बसवली, तेव्हा भंगारात चाललेली जुनी त्यानं मागून घेतली. आईला एखादं मजा म्हणून दाखवावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आईनं अख्खं पोतं ठेवून घेतलं.

आत्या तशा कशाला भिणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगणात साप निघाला तर त्या काठीनं त्याला बाजूला सारत आणि हातातलं काम पुढे चालू ठेवत. प्लॉटिंगवाले गोड बोलून, मग दमात घेऊन जागा मागायला आले, तेव्हा पदर खोचून फाटकात उभ्या राहिल्या आणि त्यांना आल्या पावली परत धाडलं. पण त्या हातांना भ्यायच्या. माणसांच्या हातांना. दारात कुणीही आलं तरी त्यांची नजर आधी चेहऱ्यावर जात नसे, हातांवर जात असे.

“दिसत नाय, पण असतंय,” हे त्यांचं पालुपद होतं.

विजेचं मीटर बघायला येणारा माणूस या पालुपदाला वैतागला होता. तो म्हणायचा, “आजी, मला आत यायचंच नाही हो. आकडा बघतो अन् जातो.”

“आकडा बघशील, मग पाणी मागशील, मग तांब्याला हात लावशील. आधी मशिनीखाली धर.”

तो बिचारा निमूटपणे हात धरायचा. दूधवाला धरायचा. आत्यांच्या मुलाला बघायला आलेले पाहुणे एकदा फाटकातच खोळंबले, कारण तिथल्या मशिनाचे सेल उतरले होते आणि आत्या कुणाला आत सोडेनात. मुलगा शरमेनं लाल झाला. आत्यांनी मात्र दुसरं मशीन भिंतीवरून उपटून आणलं, ते छातीशी धरून फाटकात उभ्या राहिल्या आणि एकेकाच्या हातावर फेस सोडला. ते लग्न जमलं नाही. आत्यांना त्याचं फारसं दुःख झालेलं मला दिसलं नाही.

साबणाच्या वडीवर त्यांचा राग होता. “वडी म्हंजी काय? समद्यांच्या हाताची घाण एकाच वडीला. नळाच्या चावीचं बी तसंच. ह्या मशिनीला हातच लावायचा नाय. लई भारी चीज हाय ही.”

या मशिनांसाठी तयार साबणाची बंद बाटली मिळते. ती संपली की फेकायची आणि नवी आणून बसवायची, अशी कंपनीची रीत. आत्यांना ही रीत मुलानं सांगितली तेव्हा त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग त्यांनी चुलीत सळई लाल केली, रिकाम्या बाटलीच्या डोक्याला भोक पाडलं, आणि त्याला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या रबराचं बूच केलं. झाली बाटली जन्माची. सुटा पातळ साबण मुलगा शहागंजच्या बाजारातून कॅन भरून आणायचा. तो असायचा चांगला घट्ट, वासाला गुलाबाचा. तसाच भरला तर मशीन कण्हायचं आणि बंद पडायचं. फार पातळ केला तर फेसाऐवजी पाणीच गळायचं. आत्या न्हाणीतल्या वड्यांच्या उरलेल्या चिपट्यासुद्धा किसून, गरम पाण्यात विरघळवून त्यात घालायच्या. सेल उतरले की पत्र्यावर उन्हात तापत ठेवायच्या, आणि ते खरोखर आणखी थोडे दिवस चालायचे. दुपारी जेवणं झाली की बाटल्या ओळीनं पुढ्यात घेऊन, प्लॅस्टिकच्या कापलेल्या बाटलीचं नसराळं लावून, त्या साबण ओतत बसायच्या. मी शेजारी बसून गप्पा मारायची. त्या दुपारी मला आवडायच्या, हे मी आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

सगळा घोळ होता तो पाण्याचा. दुष्काळाची वर्षं होती ती. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही करंगळीएवढ्या धारेनं. एरवी टँकर, नाहीतर बोअर. बोअरचं पाणी इतकं जड की साबण त्यात फाटायचा, गुठळ्या व्हायच्या आणि मशिनाची नळी तुंबायची. साबणाला नळाचं गोडं पाणीच हवं. पण घशाला पुरत नाही ते पाणी साबणात घालायचं कुणी?

आमच्याकडे नळाला नवं पाणी आलं की भरून ठेवलेलं पाणी शिळं होतं. सकाळपर्यंत आपण तेच पीत असतो, पण नवी धार वाजली की बायकांना ते चालत नाही. पिंपाच्या तळाशी उरलेलं ओतून द्यायचं, पिंप घासायचं आणि ताजं भरायचं. पाण्यासाठी भांडणं होत होती त्या वर्षांतही ही सवय कुणाची सुटली नव्हती. ते पाणी रस्त्यावरून वाहत जाताना पाहून आत्यांचा जीव कळवळायचा. मग त्यांनी तोड काढली. आमच्या पिंपातलं, त्यांच्या पिंपातलं, शेजारणीकडचंसुद्धा, तळाचं शिळं पाणी त्या एका झाकणाच्या डब्यात जमा करायच्या आणि ते साबणात घालायच्या.

“प्यायला शिळं म्हण, साबणाला कसलं शिळं? साबणात काय जगतंय व्हय?”

मला पटलं. कुणालाही पटलं असतं.

आणखी एक शिस्त होती. बाटली कधी रिकामी होऊ द्यायची नाही. रिकामी झाली, तेवढ्यात कुणी आलं, आणि हात न धुताच घरात गेलं तर? या धास्तीपोटी त्या बाटली अर्ध्यावर आली रे आली की वरून भरायच्या. त्यामुळे तिचा तळ त्यांनी, मी किंवा कुणीच कधी पाहिला नाही.

ही भीती त्यांच्यात कुठून आली, हे त्यांनी अशाच एका दुपारी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायच्या कामावर होत्या. पहिली मुलगी रांगती होती. कामाच्या तळावर जुलाबाची साथ आली आणि पोर एका दिवसात सुकून गेली. नंतर चौकशीला एक सरकारी बाई आली. चांगली स्वच्छ साडी नेसलेली. ती म्हणाली, हात न धुता भरवलं असशील तू.

“पाणी प्यायाला नव्हतं माय, हात कुठून धुऊ?” आत्या बाटली हळूहळू हलवत मला म्हणाल्या. “पन तिला नाय बोलले मी तसं. गप उभी राह्यले. मला वाटलं, खरंच आसंल.”

मग त्यांनी बाटली मशिनात बसवली, खाली हात धरून पाहिला, आणि फेस नीट आल्यावर समाधानानं मान हलवली. मी उठून माझ्या खोलीत गेले आणि उगाचच हात धुतले. भीती अशीच लागते, एकीकडून दुसरीला. तेव्हा मला दिवस गेले होते. शहागंजात भाजी घेतली तरी घरी येईपर्यंत मी हात अंगापासून लांब धरून चालायला लागले.

मुलगा आठव्या महिन्यातच झाला. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होता, नळ्या लावलेला. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी बजावलं, बाळाला हात लावण्याआधी हात धुवायचे, प्रत्येकानं, प्रत्येक वेळी. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही उजेड आला की जणू आयुष्यभर त्या हेच ऐकायची वाट पाहत होत्या. घरी आलो तर आमच्या खोलीच्या चौकटीला पलटणीतलं सगळ्यांत चांगलं मशीन लावलेलं, पुसून लख्ख केलेलं आणि काठोकाठ भरलेलं.

माझी आई गावाकडे अंथरुणाला खिळलेली, सासू नव्हती. बाळाचं न्हाणं आत्यांनीच अंगावर घेतलं. रोज सकाळी त्या चौकटीत उभ्या राहून हात धुवायच्या, पुन्हा धुवायच्या, मग पाटावर बसून पाय लांब करायच्या आणि बाळाला पायांवर घ्यायच्या. मी पंचा धरून बघत उभी राहायची. एवढासा जीव त्या राकट हातांत कसा निवांत पडून असायचा! माझ्याकडे आला की किंचाळायचा. आत्या हसायच्या आणि म्हणायच्या, “तुझे हात भितात ना, ते कळतंय त्याला.”

एके सकाळी त्यांनी त्याला न्हाऊ घालायला उचललं आणि त्या तशाच थांबल्या.

“पेला का हा सकाळी?”

“थोडा. झोपेतच आहे आज,” मी म्हटलं. शांत झोपलाय म्हणून मला बरंच वाटत होतं.

आत्यांनी त्याच्या तळपायाला बोट लावलं, मग पोटाला. बोट त्याच्या ओठांत दिलं. तो चोखेना.

“गार पडलंय लेकरू. ऊठ.”

“आत्या, ह्यांना फोन करते, ते आले की...”

“कोकरू चोखायचं सोडतं ना, तवा वाट बघत नसतेत. चप्पल नगं घालू. ऊठ!”

त्यांनी बाळाला उघड्या अंगानं आपल्या छातीशी धरलं, वरून पदर गच्च गुंडाळला, आणि अनवाणी रस्त्यावर पळाल्या. मी मागं. दौलताबाद रोडवर त्यांनी रिक्षाच्या समोर उभं राहून ती थांबवली. रिक्षावाला चिडून काही बोलणार, तेवढ्यात पदरातून बाहेर आलेला इवलासा पाय त्याला दिसला.

“या अल्ला. बैठो खाला, बैठो!”

छावणीच्या गर्दीतून त्यानं रिक्षा कशी काढली ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाळ रडत नव्हतं. आत्या त्याच्या तळव्यांना टिचक्या मारत होत्या आणि पुटपुटत होत्या, “रड रं राजा. रड की. शिव्या दे मला, पन रड.” मी आयुष्यात कुठल्याच आवाजासाठी इतका जीव टाकला नसेल. तो आवाज काही आला नाही.

दवाखान्यात त्याला माझ्यासमोरून आत नेलं आणि दार लागलं. नवरा धावत आला. बऱ्याच वेळानं डॉक्टरबाई बाहेर आल्या. रक्तात जंतू गेलेत म्हणाल्या, अवघड आहे म्हणाल्या, पण वेळेत आणलंत. मग त्यांनी घरचं एकेक विचारायला सुरुवात केली. दूध कुठलं, कपडे कशात धुता, घरात कुणी आजारी आहे का.

“हात कशानं धुता?”

हा प्रश्न आला तेव्हा मला हायसं वाटलं. निदान यात तरी आमची चूक निघणार नव्हती. मी मशिनाचं सांगितलं. हात न लावता साबण येतो, हॉटेलातल्यासारखा, हेही सांगितलं. डॉक्टरबाईंनी मान वर केली.

“कोण भरतं त्यात साबण?”

“मी,” बाकावरून आत्या म्हणाल्या. त्या जरा ताठ बसल्या होत्या.

“बाटली धुऊन, वाळवून भरता?”

“रिकामी होऊच देत नाय मी. वरून भरते. कमी पडला न्हाय पायजे ना.”

“नुसता साबण?”

“पानी घालून. बोअरचं नाय हं. नळाचं. गोडं. जरा शिळं आसतंय, पन साबणात काय...”

त्या थांबल्या. डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं होतं. मग त्यांनी हळू आवाजात ते मशीन आणून द्यायला सांगितलं.

आत्यांच्या मुलानं ते पिशवीत घालून आणलं. नर्सबाईंनी हातमोजे घालून बाटली बाहेर काढली आणि उजेडात धरली. वरचा साबण गुलाबी होता. तळाशी, बाजूंना, करडा बुळबुळीत थर चढला होता. बूच काढल्यावर आधी गुलाबाचा वास आला आणि त्याच्या मागून ओल्या, कुजलेल्या फडक्याचा. तो वास मला ओळखीचा वाटला. आमच्या खोलीत तो येत होता, आणि मी तो दुपट्यांचा समजत होते.

तपासणीचा निकाल यायला काही दिवस गेले. त्या दिवसांबद्दल मला लिहिता येणार नाही. काचेपलीकडे त्याची छाती वरखाली होते की नाही, एवढंच मी बघत होते. आत्या घरी जायला तयार नव्हत्या. बाकाच्या टोकाला बसून असायच्या. त्यांनी एकदाही दवाखान्यात हात धुतले नाहीत, हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं. तिथं बेसिनवर तसलंच मशीन होतं, आणि आत्या त्याच्यासमोरून जाताना भिंतीला घासून जायच्या.

डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं तेव्हा त्या मागोमाग आल्या.

“बाळाच्या रक्तात जे जंतू आहेत, त्याच जातीचे साबणात सापडले,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिथूनच आले असं मी छातीठोक सांगणार नाही. पण साठवलेलं पाणी घातलेला, वर्षानुवर्षं वरून भरलेला साबण घातक असतो. त्यात काही जंतू मरत नाहीत. वाढतात.”

“साबणात?” आत्यांनी विचारलं.

“हो आजी. साबणातसुद्धा.”

आत्यांनी आपले हात समोर धरले, उलटे केले, सुलटे केले.

“म्हंजी माझ्या हातानं गेलं का ते?”

कुणीतरी लगेच नाही म्हणायला हवं होतं. माझं लेकरू आत काचेत होतं. शेवटी नवरा म्हणाला, “आत्या, तुम्ही ओळखलंत म्हणून तो इथवर पोचला. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.” डॉक्टरबाईंनीही मान डोलावली. तुमच्यामुळेच तो वाचू शकेल आजी, असं म्हणाल्या. साबणाचं आणि वाचवण्याचं, दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आत्यांना त्यातली एकच ऐकू गेली.

“तवा धुतलं नाय म्हनून एक गेली,” त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या. “अन् आता धुतलं तर...”

पुढचं त्यांनी उच्चारलं नाही. पदर तोंडात धरला आणि जिन्यानं खाली निघून गेल्या.

मुलगा वाचला. त्याला घेऊन घरी आलो तेव्हा फाटक सताड उघडं होतं. भिंतींवर एकही मशीन नव्हतं, नुसती स्क्रूंची भोकं. आत्यांनी सगळी मशिनं पोत्यात घालून, पोतं डोक्यावर घेऊन, पायी भंगारवाल्याकडे नेल्याचं त्यांच्या मुलानं सांगितलं. मीटरवाला आला तो सवयीनं भिंतीसमोर हात धरून उभा राहिला. आत्या त्याला म्हणाल्या, “जा बाबा. जा आत. मला काय कळतंय त्यातलं?” तो भांबावून माझ्याकडे बघत राहिला. मला रडू आलं.

त्या दिवसापासून आत्यांनी बाळाला हात लावला नाही. त्याचं न्हाणं मी माझ्या घाबऱ्या हातांनी करायला शिकले. आत्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सांगायच्या, “मान धर. आसं. कानात पानी जाऊ देऊ नको,” आणि हात पदराखाली लपवून ठेवायच्या. तो रांगायला लागला आणि नेमका त्यांच्याकडेच जायचा. त्या ओट्यावर चढायच्या, “तिकडं हो राजा, तिकडं,” म्हणायच्या. त्याला वाटायचं, हा खेळ आहे. तो खिदळायचा आणि आणखी जोरात त्यांच्यामागं लागायचा.

“आता घ्या ना आत्या, काही होत नाही,” मी पुष्कळदा म्हटलं.

“व्हय व्हय, घेते,” म्हणून त्या शेळीला पाणी दाखवायला उठून जायच्या.

खरं सांगायचं तर त्या उठून गेल्या की मला सुटल्यासारखं वाटायचं. माझा त्यांच्यावर राग नव्हता, जीव होता. पण त्या बाळाच्या जवळ आल्या की तो कुजलेल्या फडक्याचा वास माझ्या नाकात यायचा आणि मी काहीतरी निमित्त करून त्याला उचलून घ्यायची. त्यांना ते कळत होतं. दोघी एकाच अंगणात, एकमेकींना न दुखावता, भीत भीत वावरत होतो.

पुढे आजूबाजूच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला लहानसा फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी टेम्पोत सामान चढत होतं. मुलगा आता पळायला लागला होता. आत्या आपल्या दाराशी, भिंतीला लागून उभ्या होत्या. मी पाया पडायला वाकले, त्यांनी लांबूनच “सुखी राहा माय” म्हटलं. तेवढ्यात मुलगा माझ्या हातातून निसटला, थेट त्यांच्या पायांशी गेला, आणि मान वर करून त्यानं दोन्ही हात उंच केले. उचलून घे, एवढंच.

आत्यांना मागं सरायला जागा नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“घ्या ना आत्या,” मी म्हटलं. म्हणता म्हणता माझं पाऊल पुढे पडलं होतं, त्याला ओढून घ्यायला. त्यांनी ते पाहिलं.

त्या रागावल्या नाहीत. पदर खोचून त्या खाली बसल्या. दोन्ही हात दुमडले, तळवे पार मागं वळवून हवेत धरले, बोटं ताणून, त्याच्या अंगापासून जेवढे लांब जातील तेवढे लांब. आणि मग नुसत्या कोपरांच्या बेचक्यात धरून त्याला उचललं. तो खिदळत त्यांच्या गळ्यात पडला.

त्याच्या खांद्यावरून त्या मला म्हणाल्या, “भिऊ नको माय. कोपराला तो साबण कधी लागला नाय.”